स्पॅनिश शिकलो, पण बोलायचं कुणाशी? : वाचकांचे प्रश्न

परकीय भाषा शिकणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. स्पॅनिशविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत अडचण एकच होती: वर्ग झाला, पुस्तक झालं, पण तोंड उघडायला माणूस नाही. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. स्पॅनिश शब्द छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत. तुमच्या वहीत मात्र असं करू नका. का ते पुढे येईलच.

ए-वन म्हणजे पहिल्या पातळीचा ऑनलाइन वर्ग पूर्ण झाला. टँडेम आणि हॅलोटॉक ही भाषेचा जोडीदार शोधून देणारी दोन्ही अ‍ॅप घेतली. लोक ‘ओला’ (नमस्कार) म्हणतात, दोन दिवस बोलतात आणि गायब होतात. माझं काय चुकतं? (नाशिक)

बोलण्यात काही चुकत नसावं. वेळ, विषय आणि देवाणघेवाण यांतलं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून लोक गळतात.

पहिली गोष्ट देवाणघेवाणीची. या अ‍ॅपवरच्या स्पॅनिशभाषकांना मराठी शिकायची नसते, बहुतेकांना इंग्रजी हवी असते. म्हणजे तुमच्या हातातलं नाणं इंग्रजी आहे. प्रोफाइलमध्ये फक्त ‘मातृभाषा मराठी’ एवढंच भरलं, तर इंग्रजी शोधणाऱ्याच्या यादीत तुम्ही येणारच नाही. मराठीखाली इंग्रजीही नोंदवा, पातळी वरची लावा आणि एका ओळीत लिहा की शिक्षण किंवा नोकरी इंग्रजीत आहे. इंग्रजीच मातृभाषा असल्याचं काही जण ठोकून देतात. दोन मिनिटांत उघडं पडतं आणि समोरचा बिचकतो. ‘कॉन्व्हर्सेशन एक्स्चेंज’ ही साइटही बघा. दिसायला जुनाट आहे, पण तिथं येणारा माणूस गप्पांपेक्षा कायमचा जोडीदार शोधत असतो, आणि देश, शहर, भाषा असा शोध घेता येतो.

दुसरी गोष्ट पहिल्या निरोपाची. ‘ओला, केताल’ एवढंच लिहिलेले निरोप समोरच्याला दिवसात ढिगानं येत असतात. त्याऐवजी ठोस प्रस्ताव ठेवा: ‘ओला. बीबो एन नासिक, इंदिया. ते आयुदो कोन एल इंग्लेस ई तू मे आयुदास कोन एल एस्पान्योल: किन्से मिनूतोस कादा उनो, लोस साबादोस पोर ला नोचे, तू ओरा. ते इंतेरेसा?’ म्हणजे मी इंग्रजीत मदत करतो, तू स्पॅनिशमध्ये कर, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, शनिवारी रात्री, तुझ्या घड्याळानं, जमेल का? पाच-सहा जणांना असं लिहा. त्यांतला एक टिकला तरी आठवडा भरला.

‘तुझ्या घड्याळानं’ हे मुद्दाम घातलं आहे, कारण जोड्या मोडण्याचं सर्वांत साधं कारण वेळेचा घोळ असतं. स्पेन आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास असतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात, आपली नाही, आणि त्या आठवड्यात दोघांपैकी एक जण रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतो. आपली रात्री साडेनऊची वेळ म्हणजे माद्रिदला उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात पाच. नोकरी करणाऱ्याला पाच जमत नाहीत, तेव्हा हिवाळ्यात तास पुढे ढकला. कोलंबिया आणि पेरू वर्षभर साडेदहा तास मागे, अर्जेंटिना साडेआठ तास. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे आहे. 2022 मध्ये तिथं उन्हाळी वेळ बंद झाल्यापासून तिथलाही घोळ संपला. आपली रविवार सकाळ साडेसात म्हणजे कोलंबियाच्या बोगोतात शनिवार रात्रीचे नऊ, मेक्सिको सिटीत आठ. सकाळी लवकर उठणाऱ्यानं लॅटिन अमेरिकेतला जोडीदार धरावा, रात्री जागणाऱ्यानं स्पेनमधला. याहून जास्त विचार या निवडीत करू नका.

तिसरी गोष्ट, कॉल सुरू झाल्यावर काय. अर्ध्या तासात पंधरा मिनिटं स्पॅनिश, पंधरा इंग्रजी, आणि मोबाइलचा गजर लावायचाच. गजर नसेल तर ज्या भाषेत दोघांची जीभ सैल, ती भाषा सगळा वेळ खाते, आणि ती बहुधा इंग्रजी असते. म्हणून सुरुवात स्पॅनिशने करा. विषय आदल्या दिवशी ठरवा, आणि ‘छंद’ किंवा ‘पर्यटन’ असले लठ्ठ विषय नकोत. ‘तुझ्या इमारतीत कचरा कोण, कधी नेतं’, ‘घर भाड्यानं घेताना काय काय कागद मागतात’, असे बारीक विषय घ्या. त्यावर आठ-दहा शब्द आणि विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवा. पूर्ण परिच्छेद लिहू नका. लिहिला की तुम्ही तो वाचणार, आणि वाचताना आवाज कसा सपाट होतो हे समोरच्याला लगेच कळतं.

दुरुस्तीचं आधीच सांगून ठेवा. दर वाक्याला अडवलं तर बोलणं बंद पडतं, अजिबात अडवलं नाही तर चूक पक्की होते. शेवटची तीन मिनिटं दुरुस्तीला ठेवावीत, आणि फक्त तीन चुका मागाव्यात. जोडीदार शिक्षक नसतो हेही ध्यानात ठेवा. ‘इथं हेच रूप का?’ असं विचारलंत तर तो काहीतरी ठोकून देईल, कारण त्यानं नियम कधी शिकलेलाच नाही. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा: ‘एस कोर्रेक्तो, ओ सुएना रारो?’ बरोबर आहे, की कानाला विचित्र लागतं? याचं उत्तर त्याच्याइतकं अचूक कुणीच देऊ शकत नाही. त्यामागचं कारण तुम्ही नंतर व्याकरणाच्या पुस्तकात शोधा.

ही अ‍ॅप वापरताना नको ते निरोप येतात. बंद करावीत का? (सांगली)

बंद करू नका, दार अरुंद करा. हॅलोटॉकमध्ये आपण फक्त स्त्रियांनाच शोधात दिसावं अशी सोय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक महिनाभर तरी देऊ नका. कॉल अ‍ॅपमधूनच होतो. फोटोत घर, कार्यालय, गाडीचा नंबर नको. जो माणूस वेळ आणि विषय ठरवायला टाळाटाळ करतो पण रात्री ‘काय करतेस’ विचारतो, त्याला उत्तर न देता ब्लॉक करा. परदेशी माणसाशी सभ्यपणा म्हणून उत्तर देत राहणं ही आपली सवय इथं नडते.

एकटीनं बोलायला संकोच वाटत असेल, तर पैसे देऊन शिकवणी घेणं हा सरळ मार्ग आहे. आयटॉकी या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर प्रशिक्षित शिक्षक आणि नुसते बोलायला मिळणारे ट्यूटर असे दोन गट असतात. दुसरा गट स्वस्त. बोलण्याच्या सरावाला तो पुरतो. अर्ध्या तासाचे पाठ घ्या, आणि पैसे भरण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू केले आहेत का ते बघा. पैसे अडकतात ते बहुतेकदा तिथंच.

आम्ही दोघी मैत्रिणी एकाच वर्गात आहोत. एकमेकींशी बोलून उपयोग होईल, की चुका पक्क्या होतील? (सोलापूर)

दोन्ही होईल. जीभ सैल व्हायला एकमेकी पुरेशा आहात. नवं शिकायला नाही. म्हणून एकमेकींशी फक्त तेच बोला जे शिकून झालं आहे.

त्यासाठी एक उत्तम पद्धत आहे: चार-तीन-दोन. एक विषय घ्या, समजा कालचा दिवस. घड्याळ लावून चार मिनिटं बोला. मग तोच विषय तीन मिनिटांत, आणि पुन्हा दोन मिनिटांत. मजकूर तोच ठेवायचा, वेळ कापायचा. पहिल्या फेरीत शब्द शोधण्यात वेळ जातो, तिसऱ्यात वाक्यं सलग येऊ लागतात. ऐकणारी दर फेरीला बदलली तर अधिक चांगलं, कारण त्याच व्यक्तीला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना कंटाळा येतो. तिसरी मैत्रीण गाठा किंवा तिसरी फेरी आवाजी निरोपात बोलून पाठवा.

दुसरं, माहिती एकीकडेच असू द्या. एकीच्या हातात एसटीचं वेळापत्रक, दुसरीला कोल्हापूरला दुपारी बारापर्यंत पोचायचं आहे. कागद न दाखवता, मराठी न बोलता गाडी ठरवा. दोघींना सगळं माहीत असलेल्या विषयावर बोलण्याचं नाटक पाच मिनिटांत कोसळतं.

प्रत्येक बैठकीतली पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि महिन्यातून दोनदा ते जाणकारापुढे ठेवा, पैसे देऊन का होईना. दोघींची मातृभाषा एक असल्यानं दोघी एकच चूक करता, आणि ती दोघींनाही बरोबर वाटते. बाहेरचा कान लागतो तो त्यासाठी.

माझं स्पॅनिश ऐकून मेक्सिकोतल्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. शब्द तर बरोबर असतात. (पुणे)

बहुधा तुम्ही स्पॅनिश शब्द इंग्रजीच्या वाटेनं वाचत आहात. मराठी माणसाला हे टाळणं सोपं आहे, आणि तरी बहुतेक जण टाळत नाहीत.

स्पॅनिशचा ‘टी’ म्हणजे आपला त, ‘डी’ म्हणजे आपला द. इंग्रज विद्यार्थ्याला यासाठी झगडावं लागतं. आपल्याकडे ते वर्ण तयार आहेत. पण रोमन लिपी दिसली की आपण शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीनं ट आणि ड म्हणतो, आणि ‘तू तिएनेस’चं ‘टू टिएनेस’ होतं. तसंच ॲ आणि ऑ हे स्वर स्पॅनिशमध्ये नाहीतच. ‘ॲनिमल’ नाही, ‘आनिमाल’. ‘हॉस्पिटल’ नाही, ‘ओस्पिताल’, आणि ताण, म्हणजे जोर, शेवटच्या ‘ताल’वर.

आता देवनागरीत लिहू नका असं का म्हटलं ते. आपला अ हा स्पॅनिश ‘ए’ नव्हे; तिथं तो नेहमी आ. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो. ‘बोलणे’ या अर्थाचं क्रियापद वहीत ‘हबलर’ असं लिहिलं की महिन्याभरानं तुम्ही ते तसंच वाचणार. खरा उच्चार ‘आब्लार’, ह मुका. आणि ताण कुठे हे देवनागरीत दिसतच नाही. मराठीत ताणानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’चा पहिला भाग जोरात म्हटला तर ‘मी बोलतो’, दुसरा जोरात म्हटला तर ‘तो बोलला’. सहकारी गोंधळतात ते बहुधा इथं. नियम छोटा आहे: शब्दाचा शेवट स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ने होत असेल तर ताण शेवटून दुसऱ्या अवयवावर (‘आ-ब्लो’त दोन अवयव), इतर वेळी शेवटच्यावर, आणि डोक्यावर तिरकी रेघ असेल तर ती म्हणेल तिथं. आठवडाभर दहा-दहा शब्द ताणाच्या जागी टाळी देऊन म्हणा. वेडेपणा वाटतो, पण दुसऱ्या कोणत्याही उपायानं हे इतक्या लवकर बसत नाही.

र दोन आहेत. एकेरी ‘आर’ म्हणजे आपला साधा र. दुहेरी थरथरता, आणि शब्दाच्या सुरुवातीचा किंवा ‘एन’, ‘एल’, ‘एस’ यांच्यानंतरचा एकेरी ‘आर’ही तसाच थरथरता. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘भुर्रकन’, ‘गर्रकन’ म्हणताना जीभ जे करते तेच इथं हवं. ‘भुर्र’वरून ‘बुर्रो’वर या, मग ‘पेर्रो’, आणि शेवटी सुरुवातीचा र: ‘र्रोसा’, ‘र्रियो’. जीभ अडकत असेल तर ती ताठ धरली आहे असं समजा. टोक सैल, श्वास जोराचा.

‘सीएच’ हा ‘चहा’तला च, ‘चोर’मधला नव्हे. ‘जे’ घशातून घासून येतो, ह आणि ख यांच्या मधला. दोन स्वरांमध्ये आलेला द मऊ असतो. ‘नादा’ म्हणताना जीभ दातांना पुरती टेकवू नका.

तपासायला माणूस नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर स्पॅनिश आवाजी टंकलेखन चालू करा आणि एकेकटे शब्द बोला. ‘कुत्रा’ म्हणालात आणि ‘पण’ उमटलं, तर चूक कुठे आहे ते विचारायला नको. पूर्ण वाक्यावर भरवसा ठेवू नका. संदर्भावरून यंत्र तुमची चूक झाकून घेतं.

व्याकरणाचं पुस्तक इंग्रजीतून आहे. ‘गुस्तार’ (आवडणे), भूतकाळाची दोन रूपं आणि सब्जंक्टिव्ह (इच्छा, शक्यता सांगणारं क्रियापदाचं रूप) यांवर पानंच्या पानं आहेत, तरी डोक्यात शिरत नाहीत. (छत्रपती संभाजीनगर)

ती पानं इंग्रजी बोलणाऱ्याची अडचण सोडवायला लिहिली आहेत. तुमची अडचण वेगळी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती नाहीच.

‘मे गुस्ता एल काफे, मे गुस्तान लोस मांगोस.’ मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, आवड असलेल्या माणसाप्रमाणे नाही. आपण हे जन्मापासून करतो. मराठी माणसाची चूक पुढे होते. ‘मला’ म्हणजे ‘आ मी’ असं पाठ केलं की तो ‘आ मी गुस्ता’ म्हणतो आणि ‘मे’ गाळतो. ‘आ मी’ जोर देण्यापुरतं, ऐच्छिक, ‘मे’ सक्तीचं. म्हणून ‘आ मी मे गुस्ता’, आणि ‘आ तू एर्मानो ले गुस्ता’ यात ‘ले’ हवाच.

माणूस कर्म असला की पुढे ‘आ’ लागतो, वस्तूला लागत नाही. पुस्तक यावर दोन पानं खर्च करतं. ‘मी भावाला बघतो’ आणि ‘मी घर बघतो’ यात तुम्ही ‘ला’ कुठे लावता? तिथंच ‘आ’.

भूतकाळाचंही तसंच. लहानपणी आम्ही सांगलीत राहायचो: ‘बिबीयामोस’. तिथं दोन वर्षं राहिलो: ‘बिबीमोस’. ‘-यचो’ आणि ‘-त होतो’ जिथं येतं तिथं पहिलं रूप, ‘-लो’ जिथं येतं तिथं दुसरं. दहातल्या बहुतेक वाक्यांना एवढं पुरतं. फसवतं ते ‘होतो-होता-होतं’. मराठीत ते एकच, स्पॅनिशमध्ये त्याची चार रूपं होऊ शकतात. त्यासाठी पुस्तकातली पानं वाचावीच लागतील. आणखी एक खड्डा: मराठीत ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये ‘ए कोमीदो’ (मी खाल्लं) हे ‘ए कोमीदो’च राहतं, खाल्लेलं सफरचंद तिथं स्त्रीलिंगी असलं तरी.

सब्जंक्टिव्हला ‘यावंस, करावंस’ हे आपले आर्ष वाटणारे प्रत्यय अर्धी वाट दाखवतात. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’: ‘किएरो के बेंगास’. पण ‘तू पोचशील तेव्हा’ म्हणताना मराठी भविष्यकाळ वापरते आणि आपण ‘कुआंदो येगारास’ म्हणून मोकळे होतो. ते चूक; ‘कुआंदो येगेस’ हवं. भविष्यातल्या गोष्टीआधी ‘कुआंदो’ दिसलं की भविष्यकाळ वापरायचा नाही, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ला मात्र मराठीची मदत नाही, दोन्हींना आपण ‘आहे’च म्हणतो. वस्तू कुठे आहे हे ‘एस्तार’ने सांगायचं, पण कार्यक्रम कुठे आहे हे ‘सेर’ने. कार्यालय पुण्यात ‘एस्ता’, बैठक पुण्यात ‘एस’. बाकी उदाहरणांनीच बसेल.

अँकी या शब्दांच्या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये सहाशेच्या वर कार्डं तुंबली आहेत. उघडायचीच भीती वाटते. (ठाणे)

नवी कार्डं आज शून्यावर आणा. रोजच्या उजळणीची कमाल मर्यादा शंभर करा आणि तुंबलेली ओसरेपर्यंत तिला हात लावू नका. काही आठवड्यांत ओझं उतरतं. तुंबतं का, तर मूळ सेटिंगमध्ये रोज वीस नवी कार्डं असतात, आणि सवयीचा अंदाज असा की रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहा पट होते. वीस नवी म्हणजे दीडशे-दोनशेची उजळणी. नोकरी करणाऱ्याला ती पेलत नाही. दहा नवी ठेवा, वीस मिनिटांत आटोपतं.

कार्डंही तपासा. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी स्वतःच खूण करतं, सेटिंग तशी असेल तर ते बाजूलाही काढतं. ते परत आत घेऊ नका, मोडून नवं करा. नुसता शब्द आणि समोर अर्थ असलेली कार्डं सर्वांत लवकर विसरतात. नाम असेल तर आर्टिकलसह, म्हणजे लिंग सांगणाऱ्या ‘एल’ किंवा ‘ला’सह लिहा, ‘ला मानो’, ‘एल प्रोब्लेमा’, कारण शेवटचा स्वर लिंगाबद्दल खोटं बोलू शकतो. क्रियापद असेल तर वाक्यात रिकामी जागा सोडा. पाच हजार शब्दांचा तयार संच उतरवून घेण्यापेक्षा जोडीदारानं काढलेल्या तीन चुकांची तीन कार्डं रोज करणं केव्हाही सरस. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवरची रोजची साखळी तुटू नये म्हणून रात्री बारा वाजता एक धडा उरकणारे पुष्कळ आहेत. ते वाईट नाही, पण त्याला अभ्यास म्हणू नये.

स्पॅनिश मालिका इंग्रजी उपशीर्षकं लावून बघतो. सुधारणा नाही. (अकोला)

होणार नाही, तुम्ही इंग्रजी वाचत आहात. स्पॅनिश उपशीर्षकं लावा, पण मूळ स्पॅनिश निर्मितीच घ्या. डब केलेल्या मालिकेत बोललेलं आणि लिहिलेलं वेगवेगळ्या माणसांनी भाषांतरित केलेलं असतं, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत आणि आपला कान चुकतो असं वाटत राहतं. पूर्ण भाग बघण्याऐवजी एक-दोन मिनिटांचा तुकडा घ्या: मजकूर झाकून दोनदा ऐका, ऐकलं ते लिहा, मग उघडून ताडून बघा. चुकलेल्या जागा बहुतेक शब्दांच्या सांध्यावर असतील. ‘लोस ओत्रोस’ बोलताना ‘लोसोत्रोस’ होतं. तोच तुकडा शेवटी आवाजाबरोबर, अर्धा क्षण मागे राहून, म्हणा.

आजी पोर्तुगीज बोलते, मलाही थोडं कळतं. स्पॅनिशला फायदा होईल की गोंधळ? (मडगाव)

वाचायला मोठा फायदा, बोलताना गोंधळ. लिखित मजकूर तुम्हाला पहिल्याच महिन्यात बराच उलगडेल. बोलताना पोर्तुगीजचे नाकातले स्वर आणि गिळलेले स्वर सोडावे लागतील. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर, प्रत्येक पूर्ण उघडा. सारखे दिसणारे पण अर्थानं फिरलेले शब्द वेगळ्या यादीत ठेवा. ‘एस्किसितो’ स्पॅनिशमध्ये रुचकर, पोर्तुगीजमध्ये विचित्र, तेव्हा यजमानाचं जेवण वाखाणताना कुठली भाषा चालू आहे ते बघा. ‘लार्गो’ स्पॅनिशमध्ये लांब, पोर्तुगीजमध्ये रुंद. ‘ओफिसिना’ इथं कार्यालय, तिथं वर्कशॉप. आजीशी पोर्तुगीज बोलणं थांबवू नका; फक्त त्याच तासाला स्पॅनिशचा कॉल ठेवू नका.

स्पॅनिशच्या परीक्षांपैकी देले द्यावी की सिएले? आणि तोंडी परीक्षेची तयारी जोडीदाराबरोबर कशी करावी? (मुंबई)

देलेचं प्रमाणपत्र कायम टिकतं, सिएलेचं पाच वर्षं. देलेला एकच पातळी निवडून बसायचं, निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. सिएले संगणकावर होते, चारही कौशल्यांचे मिळून हजार गुण, आणि जमेल ती पातळी मिळते. पातळीचा अंदाज नसेल किंवा कंपनीला निकाल लवकर हवा असेल तर सिएले. स्पेनचं नागरिकत्व डोक्यात असेल तर देलेची किमान ए-टू पातळी लागते. दोन्हींमागे इन्स्तितूतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची संस्था आहे. तिचं भारतातलं केंद्र दिल्लीत, ऑनलाइन वर्गही चालतात. परीक्षाकेंद्रांची चालू यादी संस्थेच्या साइटवर बघून मगच तारीख धरा.

देलेत वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण दुसरा. प्रत्येकी पन्नासपैकी तीस हवेत. एका गटात अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्यात अठ्ठावीस पडले तरी अनुत्तीर्ण. घरात बसून अभ्यास करणारे बहुतेक दुसऱ्या गटात अडकतात.

देलेच्या बी-वन या मधल्या पातळीची तोंडी परीक्षा पंधरा मिनिटांची, त्याआधी पंधरा मिनिटं तयारीला. आधी दोन-तीन मिनिटं एका विषयावर एकट्यानं बोलायचं, मग त्यावर परीक्षकाशी संभाषण, मग एका छायाचित्राचं वर्णन, शेवटी त्याच प्रसंगातला संवाद. तयारीचा वेळ फक्त पहिल्या दोन भागांसाठी असतो. चित्र आयत्या वेळी समोर येतं. म्हणून जोडीदाराला सांगा की त्यानं दर वेळी कुठलंही छायाचित्र न सांगता पाठवावं आणि लगेच घड्याळ लावावं. कोण आहेत, कुठे आहेत, काय करत आहेत, आधी काय झालं असेल, पुढे काय होईल, या क्रमानं बोलत गेलात की दोन मिनिटं भरतात. शब्द अडला तर गप्प बसू नका, गोल फिरून सांगा. ‘किसणी’ आठवली नाही तर ‘खोबरं बारीक करायची स्वयंपाकघरातली वस्तू’ हेही चालतं.

स्पेनचं स्पॅनिश शिकावं की लॅटिन अमेरिकेचं? (नागपूर)

ज्यांच्याशी बोलणार त्यांचं. ठरलं नसेल तर जोडीदार जिथला मिळेल तिथलं. स्पेनमध्ये ‘झेड’ आणि मऊ ‘सी’ यांचा उच्चार दातांत जीभ धरून होतो, इतरत्र सरळ स. ‘तुम्ही सगळे’साठी स्पेनमध्ये मित्रांना ‘बोसोत्रोस’, लॅटिन अमेरिकेत सर्वांनाच ‘उस्तेदेस’. एक वापरायला शिका, दुसरं नुसतं ओळखता आलं तरी चालतं. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ आणि त्याची वेगळी क्रियापदं ऐकू येतील. शब्दांच्या फरकाची काळजी करू नका, एक सोडून: स्पेनमध्ये बस पकडायला ‘कोखेर’ म्हणतात, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो शब्द अश्लील आहे. तिथं ‘तोमार’ म्हणा. ‘तोमार’ स्पेनमध्येही चालतं.